न नेलेले पाय

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. सगळे तिला उठाबाई म्हणत. दिवसभर तिच्या तोंडी एकच शब्द असे, "उठा." कुणाला दटावून, कुणाला चुचकारून, कुणाला नुसती भुवई उंचावून. पाय गेलेला माणूस नव्या पायावर पहिल्यांदा उभा राहताना घाबरतो, आणि घाबरलेल्याला उपदेश केला की तो आणखीच खाली बसतो, हे तिला फार लवकर कळलं होतं. ती समोर उभी राही, दोन्ही हात पुढे करी. माणूस धडपडत त्या हातांपर्यंत पोचला की हात एक पाऊल मागे जात. "ही बाई म्हणजे मृगजळ आहे," असं एक जण चिडून म्हणाला होता. तो आता स्वतःची टॅक्सी चालवतो.

तिचं केंद्र सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, एका लांबट बैठ्या इमारतीत होतं. पुढच्या खोलीत साचेवाले काका उरलेल्या पायावर प्लास्टर चढवून त्याचा साचा घेत. मधल्या खोलीत पाय तयार होत. आणि शेवटची, सगळ्यांत मोठी, ती चालण्याची खोली. तिथे कमरेइतक्या उंचीचे दोन समांतर लोखंडी दांडे होते, त्यांच्या टोकाला माणसापेक्षा उंच आरसा होता, एक उतार होता, आणि भिंतीपाशी चार पायऱ्या होत्या ज्या चढून गेलं की कुठेच पोचता येत नसे, परत उतरावं लागे. त्या पायऱ्यांवरून पोरं चेष्टा करत. "एवढं चढलो, तरी बढती नाही," असं म्हणत.

इतकी वर्षं त्या खोलीत काढल्यावर तिला एक सवय लागली होती. माणूस दारातून आत येण्याआधी ती त्याला पावलांवरून ओळखायची. नवा पाय कितीही चांगला बसला तरी दोन पावलांचा आवाज सारखा येत नाही. एक पाऊल आपलं असतं, दुसरं शिकवलेलं. कुणाचं टक-धप, कुणाचं धप-सर्र. पाठमोरी असली तरी ती म्हणायची, "या टॅक्सीवाले, आज टाच घासताय."

मागची लढाई झाली तेव्हा ही खोली कमी पडायची. समुद्रापलीकडच्या एका देशात आपलं सैन्य गेलं होतं. का गेलं होतं ते सुरुवातीला सगळ्यांना पाठ होतं, पुढे पुढे कुणाला नीट सांगता येईना. तिकडून जहाजं यायची आणि इकडे रांगा लागायच्या. विशी-पंचविशीतली पोरं. त्यांत एक शिट्टी होता.

शिट्टी म्हणजे तोंडात कायम शिट्टी असलेला एक उंचच उंच पोरगा. दारातून वाकून जाणारा, असं आई म्हणते, हे तोच सांगायचा. त्याचे दोन्ही पाय मांडीतून गेले होते. असं झालं की नवे पाय मुद्दाम थोडे आखूड करतात. तोल जमिनीच्या जवळ राहिला की माणूस पडत नाही, पुढे सवय झाल्यावर उंची वाढवता येते. काकांनी त्याला हे समजावून सांगितलं होतं, त्याने मानही डोलावली होती. पण चाचणीच्या कच्च्या पायांवर पट्टे आवळून त्याला आरशासमोर उभं केलं, तेव्हा त्याची शिट्टी थांबली. तो बराच वेळ आरशात बघत राहिला.

"बाई, आईला कळेल," तो म्हणाला.

आणि तेव्हा, कधी उपदेश न करणाऱ्या उठाबाईने उपदेश केला. "अरे, माणसाची उंची पायांत असते का?"

शिट्टी हसला. "नाही कशी? पायांतच असते," म्हणाला. सोमवारी पक्के पाय न्यायला येतो म्हणून गेला. आईने त्याचे बूट आधीच पाठवले होते, कारण पाय बुटाच्या मापाने बसवावा लागतो. काकांनी बूट घालून पाय तयार ठेवले. सोमवार उजाडायच्या आधीच तो कालव्यात सापडला. चाकांची खुर्ची काठावर होती, ब्रेक लावलेली.

पाय कपाटात राहिले. न्यायला कुणी आलं नाही, आणि टाकून द्यायला कुणाचा हात धजला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी असेल, दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना तिला पावलं ऐकू आली. दांड्यांच्या मधून आरशाकडे जाणारी. ती डबा तसाच ठेवून वळली. खोलीत कुणी नव्हतं. पण अंगावर काटा आला तो त्यामुळे नव्हे. ती दोन्ही पावलं अगदी सारखी होती. धप, धप, धप. त्यांत आपलं पाऊल नव्हतंच, दोन्ही शिकवलेली. असा माणूस त्या केंद्रात एकच येऊन गेला होता, आणि त्याला ती चालवू शकली नव्हती.

तिने काकांना सांगितलं. काका म्हणाले, "इमारत जुनी आहे, पाइप वाजतात." पण त्या दिवसापासून काका दुपारी एकटे चालण्याच्या खोलीत येईनासे झाले, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पावलं रोज यायची नाहीत. कधी महिनोन्महिने नाही, कधी आठवड्यात दोनदा. ती घाबरायची बंद झाली, पण सवय मात्र झाली नाही. आवाज आला की ती हातातलं काम थांबवायची आणि ते आरशापर्यंत पोचेपर्यंत उभी राहायची. बसून ऐकणं तिला बरं वाटायचं नाही.

वर्षं गेली. लढाई संपली म्हणजे जिंकली की नुसती थांबली, यावर पेपरवाले भांडत राहिले आणि मग तेही थांबले. केंद्रात आता साखरेच्या आजाराने पाय गेलेली म्हातारी माणसं यायची, आठवड्यात चार-दोन. खोलीतले निम्मे दिवे बंद ठेवायचा हुकूम निघाला. मग रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असा हुकूम निघाला. मग एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं आणि वर्षअखेरीस केंद्र बंद होणार असल्याचं सांगितलं. त्यांनी ते खिडकीबाहेर बघत सांगितलं.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. तिचा नवरा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना बंद पडला आणि तो घरातल्या खुर्चीत येऊन बसला, तो तिथेच. आयुष्यभर आगीसमोर उभं राहिलेला माणूस आता दिवसभर टीव्हीसमोर बसायचा. पाव महाग झाला होता, तेल महाग झालं होतं, बसवाल्यांचा संप चालू होता. चौकाचौकात मोर्चे निघत. सरकार चार पक्षांच्या टेकूवर उभं होतं आणि रोज कुणीतरी टेकू काढून घ्यायची धमकी देत होतं.

अशातच समुद्रापलीकडचा तो देश पुन्हा पेटला. तिथल्या राजवटीने मदत मागितली. सैन्य पाठवायचं की नाही, यावर सरकार विचार करतंय, असं टीव्हीवाले सांगू लागले. विचार म्हणजे काय, ते सगळ्यांना दिसत होतं. बाहेर लढाई लागली की घरातलं भांडण मिटतं. संप करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येतं. बंद कारखान्यांना ऑर्डरी मिळतात. पण पोरांच्या पेट्या परत येऊ लागल्या की तेच लोक सरकार खाली खेचतात, हेही मागच्या वेळी दिसलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"होऊन जाऊ दे एकदाचं," नवरा टीव्हीकडे बघत म्हणाला. "दुर्बिणीला काच लागते, गाड्यांना काच लागते. भट्ट्या पेटतील."

"माझीही भट्टी पेटेल," ती म्हणाली.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं, आणि त्याने आवाज कमी केला. पण टीव्ही बंद केला नाही.

त्याच आठवड्यात धाकटीने जेवताना सांगितलं की ती सैन्याच्या भरतीत नाव देतेय. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. धाकटी विजेचं काम शिकलेली, हुशार, आणि दोन वर्षं घरात बसलेली.

"विजेच्या कामाला माणसं हवीत त्यांना," ती म्हणाली. "पगार पहिल्या दिवसापासून. बाबांना काम नाही, तुझं जाणार. आता मी काय ओवाळून टाकायला ठेवलेय का?"

"तिकडे काय होतं ते मी रोज बघितलंय," उठाबाई म्हणाली.

"तू परत आलेले बघितलेस, आई. म्हणजे येतात की परत."

ताटातलं संपवून धाकटीने तिघांची भांडी घासली.

कॅप्टन आला तो याच दिवसांत. मागच्या लढाईत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि उठाबाईनेच त्याला चालवलं होतं. पुढे तो निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला, आणि आता त्याच्यामागे जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सभासद होते, नेमके त्यांच्याच मतांवर सैन्याचा ठराव अडला होता. रोज टीव्हीवर त्याचा चेहरा. पण बोळातून आवाज आला तेव्हा तिला तो पावलांवरून कळला. टक-धप, आणि आज त्यात जरा पाय ओढल्यासारखं.

"साहेब, पाय सैल झालाय," ती पाठमोरीच म्हणाली.

"वजन उतरलंय, बाई. तीन-तीन मोजे चढवून चालतोय."

तिने त्याला बाकावर बसवून पाय काढायला लावला. कातडी सोलवटली होती. काका नवीन अस्तर बसवायला पाय घेऊन गेले, आणि कॅप्टन एका पायाचा होऊन अर्ध्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिला. बाहेर त्याचे दोन सुरक्षारक्षक चहा पीत होते.

"सगळे मला विचारतायत तुम्ही कुठल्या बाजूला," तो म्हणाला. "काल सरकारातल्या मोठ्या साहेबांनी घरी बोलावलं होतं. म्हणाले, पाठिंबा द्या, तुमच्या भागातलं पायांचं केंद्र बंद होऊ देणार नाही. नवी इमारत देऊ." तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "मी म्हटलं, साहेब, लढाई झाली तर केंद्र बंद कशाला होईल? त्याला तुमच्या आश्वासनाची काय गरज?"

उठाबाई त्याचे मोजे उलटे करून झटकत होती.

"तुम्ही काय म्हणाल?"

खरं म्हणजे असा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. देशाने काय करावं, हे. तिच्या मनात खूप काही होतं. खोली भरलेली असायची तेव्हाचा वास, कालव्याचा काठ, मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघताना. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माझी धाकटी भरतीला निघालीय. तिला घेऊ नका असं सांगाल का कुणाला? तुमचा शब्द खाली पडणार नाही."

कॅप्टनने मान खाली घातली. "या आठवड्यात हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, बाई. आणि बाकीच्यांच्या पोरी?"

"बाकीच्यांचं त्यांच्या आया बघतील."

बोलून गेल्यावर आपलंच बोलणं तिला खोलीभर ऐकू आलं. कॅप्टनने तिला दोष दिला नाही. तो आरशाकडे बघत होता. त्याने विचारलं, "शिट्टीचे पाय अजून आहेत?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत त्याने शिट्टीचं नाव काढलं नव्हतं. शिट्टी त्याच्या तुकडीत होता एवढं तिला ठाऊक होतं. तिने कपाट उघडलं. वरच्या फळीवर, जुन्या चादरीखाली, ते दोन पाय उभे होते, बूट घातलेले. तिने ते आणून बाकावर त्याच्या शेजारी ठेवले. ठेवताना वाटलं, कुणीतरी मांडीपर्यंतच येऊन बसलंय.

"पूल ओलांडा असं मी म्हणालो होतो," कॅप्टन म्हणाला. "हा पुढे होता. शिट्टी वाजवत होता." मग, "त्याच्या आईकडे गेलात कधी?"

"नाही. तुम्ही?"

"पत्र पाठवलं होतं. सगळ्यांना पाठवतात ते." त्याने एका बुटावरची धूळ अंगठ्याने पुसली. "रविवारी जाऊ या. मतदान मंगळवारी आहे. त्याआधी मला जायचंय."

तेवढ्यात काका पाय घेऊन आले. बाकावर काय ठेवलंय ते बघितलं, आणि काही न विचारता दारातच थांबले.

शिट्टीची आई गिरणीच्या जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट बंद होती. कॅप्टन कठडा धरून चढला, प्रत्येक वळणावर थांबत. उठाबाईच्या कवेत चादरीत गुंडाळलेले पाय होते. वाटेत भेटलेल्या एका शेजारणीला वाटलं की बाळ आहे, तिने चादर जरा बाजूला करून बघायला हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला.

दार उघडलं ती बाई लहानखुरी होती. लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायचं काम करायची. खोलीत दोरीवर शर्टच शर्ट लटकत होते, बाह्या खाली सोडून. तिने कॅप्टनला टीव्हीवरून ओळखलं. बसा म्हणाली, पाणी दिलं, आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

कॅप्टनने बोलायला सुरुवात केली. त्याने काहीतरी ठरवून आणलं असावं, कारण वाक्यं फार नीट होती. ती मध्येच म्हणाली, "हे त्याचे?"

उठाबाईने चादर सोडली. आईने पाय हातात घेतले नाहीत. इस्त्री बाजूला ठेवून, खाली बसून फक्त बुटांकडे पाहिलं. "बूट माझे आहेत," म्हणाली. "मी दिले होते." एका बुटाची नाडी सुटली होती, ती तिने ओढून बांधली. मग पाय भिंतीला टेकवून उभे केले, दोन पावलं मागे गेली, आणि तिची नजर पायांवरून हळूहळू वर गेली. वर भिंतच होती, पण तिने मान एका ठिकाणी थांबवली. पोराचा चेहरा जिथे आला असता, तिथे.

"आखूड केलेत," ती म्हणाली.

"सुरुवातीला करावे लागतात," उठाबाई म्हणाली.

कॅप्टनने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आई, मंगळवारी मला मत द्यायचंय. सैन्य पुन्हा तिकडे पाठवायचं की नाही यावर. तुम्हाला विचारल्याशिवाय मला द्यायचं नव्हतं."

"पाठवा," इस्त्री पुन्हा हातात घेत ती म्हणाली.

दोघांनीही याची तयारी केली नव्हती.

"अर्धा पूल ओलांडून परत आलात तुम्ही. पुढे गेला असतात तर मला सांगता तरी आलं असतं की पलीकडे काहीतरी होतं. लोक विचारतात, कशासाठी गेला हो तुमचा? मी काय सांगू?"

"पलीकडे काही नव्हतं," कॅप्टन हळूच म्हणाला. "मी दुर्बिणीतून पाहिलं होतं. एक पेट्रोल पंप होता. बंद पडलेला."

इस्त्रीखालून वाफ येत राहिली. तिने ती उचलून उभी ठेवली.

"मग जा, आणि नीट बघून या," ती म्हणाली. मग उठाबाईकडे वळली. आवाज चढला नव्हता, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसा होता. "तुम्हाला मुलं किती?"

"दोन मुली."

"एक पाठवा."

उठाबाईने रिकामी चादर घडी करायला घेतली. "धाकटी निघालीच आहे."

शिट्टीच्या आईने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि रागही नव्हता, काहीतरी मोजल्यासारखं होतं. मग तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. "पाय ठेवून जा," म्हणाली. "मला अजून दोन घरचे कपडे करायचेत."

उतरताना कॅप्टनला चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवर बसला. पँटवर रक्ताचा डाग आला होता.

"पंपाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "अहवालात मी 'महत्त्वाचं ठाणं' असं लिहिलंय. माझ्याच हाताने."

"उठा," ती म्हणाली. तो उठला.

मंगळवारी केंद्रात कुणी काम केलं नाही. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतल्या टीव्हीपुढे सगळे जमले. डॉक्टर, काका, झाडूवाली मावशी, उठाबाई. धाकटी त्याच सकाळी भरतीच्या तपासणीला गेली होती. कॅप्टनने शब्द टाकला होता की नाही हे उठाबाईला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची तिला लाज वाटत होती.

कॅप्टन थोडंच बोलला. शिट्टीच्या आईचं नाव त्याने काढलं नाही, आपल्या पायाचंही नाही. "मी एकदा लोकांना एक पूल ओलांडायला सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. "ते मी पुन्हा सांगणार नाही." त्याच्या माणसांनी विरोधात मत दिलं. ठराव पडला. सरकार आता टिकत नाही, असं टीव्हीवरची बाई घाईघाईने सांगू लागली.

"सुटलो बाई," मावशी म्हणाली.

उठाबाईने खुर्चीची पाठ धरली होती. बातमी ऐकून तिच्या मनात जे पहिल्यांदा आलं, ते समाधान नव्हतं. धाकटी वाचली हा विचार आला, पण तो दुसरा आला. पहिला विचार खोलीचा होता. आता दिवे लागणार नाहीत. काहीतरी हातचं गेलं, असं तिला वाटलं होतं. क्षणभरच, पापणी लवेपर्यंत, पण वाटलं होतं. तिने दचकून वर पाहिलं. मोठे डॉक्टर तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. दोघांनी एकदम नजर काढून घेतली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

सरकार पडलं. नवीन आलं. पाव स्वस्त झाला नाही. केंद्र ठरल्याप्रमाणे बंद झालं. दांडे उखडून नेले तेव्हा फरशीला भोकं राहिली, आणि आरसा काढताना तडकला तो तसाच भिंतीला ठेवून दिला. काका मुलाकडे राहायला गेले. भट्ट्या पेटल्या नाहीत. नवरा म्हणाला, "बरंच झालं म्हणायचं," आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली. भरती थांबली होती. धाकटी दोन दिवस कुणाशी बोलली नाही, मग परगावी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत काम मिळालं म्हणून निघून गेली. जाताना आईच्या पाया पडली नाही, गळ्यातही पडली नाही. पिशवी उचलून म्हणाली, "पोचल्यावर फोन करते."

समुद्रापलीकडे कुणीच गेलं नाही. तिथली शहरं एकामागून एक पडली. टीव्हीवर माणसांची रांग दिसायची, गाद्या डोक्यावर घेतलेली, एक पूल ओलांडून अलीकडे येणारी. कुठला पूल ते टीव्हीवाले सांगत नसत. उठाबाई चित्राच्या कडेला बघत राहायची, मागे पंप दिसतो का ते. लढाईची भुतं तिने पाहिली होती. न झालेल्या लढाईचीही असतात, हे तिला नव्यानेच कळत होतं.

तिला एका वृद्धाश्रमात काम मिळालं. म्हाताऱ्यांना खाटेवरून उठवायचं, अंगणात दोन फेऱ्या घालून आणायच्या. त्या जुन्या इमारतीतून बाहेर पडल्यावर पावलं थांबली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ती पावलं आश्रमाच्या ओसरीवरही आली. तशीच सारखी, दोन्ही शिकवलेली. एका आजींनी विचारलं, "कोण फिरतंय गं?" उठाबाई म्हणाली, "कुणी नाही, आजी, चालू द्या त्याला." आजींना ते उत्तर पुरलं.

कॅप्टन पुढची निवडणूक हरला. शिट्टीच्या आईकडे ती अधूनमधून जायची. आई तिला बसा म्हणायची, पाणी द्यायची, काम करत राहायची. पाय कोपऱ्यात होते. दोघी त्यांच्याबद्दल बोलत नसत. त्या मंगळवारी आपल्या मनात पहिल्यांदा काय आलं ते या बाईला सांगावं, असं उठाबाईला प्रत्येक वेळी वाटे, आणि प्रत्येक वेळी ती इतरांच्या शर्टांकडे बघत बसून परत येई.

धाकटी वर्षभराने सुट्टीला आली. आली तीच थकून, हाताला वंगणाचे डाग घेऊन, पण आवाज निवळलेला होता. दुपारी दोघी मायलेकी मटार सोलत बसल्या होत्या. नवरा आत झोपला होता. उठाबाईने ठरवलं नव्हतं, पण ती बोलून गेली. टीव्ही, मावशी, डॉक्टरांची नजर, सगळं.

"तू तिकडे तपासणीला उभी होतीस," ती म्हणाली, "आणि मला वाईट वाटलं. तू वाचलीस म्हणून नव्हे गं, खोली बंद होणार म्हणून. आई आहे मी तुझी."

धाकटीने दोन-तीन शेंगा सोलल्या.

"आम्ही रांगेत होतो तेव्हाच बातमी आली," ती म्हणाली. "माझ्या पुढे एक मुलगी होती. ती खाली बसून रडायला लागली. सगळे म्हणाले, सुटली बिचारी, आनंदाने रडतेय. मीही तिची पाठ थोपटली. मग ती म्हणाली, आता घरी काय सांगू? तिच्या घरी कमावणारं कुणी नव्हतं."

"मग?"

"मग काय. सगळ्यांना घरी पाठवलं."

"तिचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही, आई. मी नाव पण नाही विचारलं."

उठाबाईने सालं एका बाजूला केली आणि उरलेल्या शेंगांची टोपली लेकीकडे सरकवली.